मावशीची तक्रार आणि कोईम्बतूरची गाडी

जबलपूर स्टेशनवर मला पोचवायला इतकी माणसं आली होती की टीसीनं आईला विचारलं, "क्या बहनजी, बिदाई है?" आई म्हणाली, "हां भैया, वैसा ही समझो," आणि तिथेच पदर तोंडाला लावला. बिदाई वगैरे काही नव्हतं. मी हाडांची डॉक्टर व्हायला कोईम्बतूरला निघाले होते. पण आमच्याकडे कोणी गाव सोडून निघालं की पोचवायला जाणं लग्नाला जाण्याइतकंच सक्तीचं. मझौलीची मावशी सकाळच्या बसनं आली होती. शेजारच्या मिश्रा आंटी सुनेला घेऊन आल्या होत्या. आईनं कमानिया गेटजवळून खोव्याची जिलबी आणून स्टीलच्या डब्यात भरली होती. डब्याला फडकं, फडक्यावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीला दोरी. ती जिलबी कोईम्बतूरपर्यंत टिकणार नाही हे तिलाही माहीत होतं. "इटारसीपर्यंत खाऊन टाक," ती म्हणाली. जसं काही इटारसीच्या पुढे जबलपूरचं काही चालतच नाही.

बाबा सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या नळाजवळ उभे होते. बॅगा त्यांनीच चढवल्या, साखळी त्यांनीच लावली, कुलूप ओढून ओढून पाहिलं, आणि मग खाली उतरून पार मागे जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. गाडी हलली. आईनं हात हलवला, मावशीनं रुमाल हलवला, मिश्रा आंटी तर साडी सावरत थोडं अंतर गाडीबरोबर पळाल्यासुद्धा. बाबांनी हात हलवला नाही. नुसते बघत राहिले. मला असा राग आला! एकुलती एक मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाली आहे, एक हात वर केला असता तर काय बिघडलं असतं? तो राग मी नर्मदेच्या पुलापर्यंत सांभाळून नेला. पुलावर डब्यातली माणसं "नर्मदे हर" म्हणाली, सवयीनं माझेही हात जोडले गेले, आणि मग जे रडू फुटलं ते थांबेना. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी काही न विचारता माझ्यापुढे पुरी-भाजी ठेवली. ती मी रडत रडत सगळी खाल्ली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून कोईम्बतूरलाच आहे. दर वर्षी पीजीच्या परीक्षेचा निकाल लागला की जबलपूरहून कोणा ना कोणाचा फोन येतो. कोणाची भाची असते, कोणाचा पुतण्या असतो. "दीदी, ट्रॉमा कहां अच्छा मिलेगा?" म्हणजे असं हॉस्पिटल सांगा, जिथे अपघातात मोडलेली माणसं भरपूर येतात आणि शिकणाऱ्या डॉक्टरला त्यांना हात लावू देतात. दोन्ही गोष्टी एका छपराखाली मिळणं कठीण. मी त्यांना एक युक्ती सांगते. त्यांना वाटतं, दीदी चेष्टा करते आहे. ती युक्ती माझ्या मावशीची आहे, आणि मावशीला ती आपली आहे हे अजून पटलेलं नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. जे तिकडेच राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे डबे बांधून निघाले त्यांच्यासाठीही.

आम्ही जबलपूरच्या रांझी भागातले. बाबा डिफेन्सच्या फॅक्टरीत लेथवर लागले आणि तिथूनच चार्जमन होऊन निवृत्त झाले. फॅक्टरीच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. गणपतीत मराठी मंडळात आरती म्हणायची, आणि आरती संपली की "चलो, परसाद लेलो" म्हणत रांगेत उभं राहायचं. नागपूरच्या काकांना आमचं मराठी ऐकून हसू यायचं. आम्हाला त्यांचं हसणं ऐकून राग यायचा.

माझा निकाल लागला तेव्हा नंबर असा आला की जबलपुरात राहायचं तर पॅथॉलॉजी मिळत होती. हाडांची शाखा हवी असेल तर बाहेर, आणि तीही दूरच. पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवीच्या तपासण्या, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघणं. काम मोठं महत्त्वाचं, पण माझ्या स्वभावाला एका जागी बसवत नाही. मला मोडलेलं जोडायचं होतं. इंटर्नशिपमध्ये पहिल्यांदा एका ट्रकवाल्याचा निखळलेला खांदा बसताना पाहिला. खट् असा आवाज झाला आणि त्या माणसाचा चेहरा एकदम सैल पडला. तेव्हापासून मला दुसरं काही नको होतं.

बाबांना मात्र पॅथॉलॉजी फार आवडली. त्यांनी एका शब्दानं कधी म्हटलं नाही की इथेच राहा. त्यांनी काय केलं, तर समोरची खोली रंगवली. भिंतीला पांढऱ्या टाइल्स लावल्या. कोपऱ्यात स्टीलचं सिंक बसवलं आणि त्याला स्वतः घडवलेला पितळी नळ लावला. "लॅब टाकायला चांगली आहे जागा," एवढंच म्हणाले. रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचे, "बिटिया की लैब बनेगी." मी आईला म्हटलं, बाबा मला टाइल्सनी बांधून ठेवून राहिले आहेत. आई म्हणाली, "त्यांना दुसरं कसं सांगता येते? तुला माहीत आहे ना."

मी ठरवलं, बाहेर जायचं तर अशाच ठिकाणी जायचं की बाबांची खोली रिकामी राहिल्याचं काही चीज होईल. पण ते ठिकाण कोणतं? हॉस्पिटलांच्या वेबसाइटवर सगळीकडे तोच हसरा डॉक्टर आणि त्याच हिरव्या कुंड्या. सीनियरांना विचारावं तर अर्धे आपल्या कॉलेजचं कौतुक सांगत आणि अर्धे त्याच कॉलेजला शिव्या घालत. कुणी म्हणे, पेशंट खूप येतात पण आम्ही तीन वर्षं फायली लिहिल्या. कुणी म्हणे, हात लावू देतात पण हात लावायला पेशंट कुठे आहेत? पसंतीक्रम भरायची मुदत संपत आली. शेवटी मी आईला म्हटलं, नागपूरच्या काकांना विचार, तिकडे अपघाताचे सगळ्यात जास्त पेशंट कुठल्या दवाखान्यात जातात.

आईनं सकाळी फोन लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "भाऊजी, नागपुरात अॅक्सिडेंटवाल्यांना आजकाल सगळ्यात जास्त कुठं नेऊन राहिले?"

"काहून वहिनी? काय झालं?" काका म्हणाले.

"थांबा, दूध उतू जाऊन राहिलं," म्हणत आईनं फोन ठेवला. मग दूध, मग ओटा, मग फोनचा विसर. त्या दिवशी बाबांच्या फॅक्टरीतल्या मित्राकडे भेडाघाटला सत्यनारायण होता. आई-बाबा टेम्पोत बसून तिकडे गेले. आईचा मोबाइल फ्रिजवर राहिला. बाबा पूजेला फोन नेत नाहीत. मी तेव्हा एका नर्सिंग होममध्ये ड्यूटी करायचे आणि तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे.

आता आमच्या माणसांची एक रीत सांगते. परमुलखात थोडीच घरं असली की माणसं एकमेकांना घट्ट धरून राहतात. दवाखान्याचं नाव कानावर आलं की आधी निघायचं, विचारपूस वाटेत. काकांनी आईला फोन केला, कोणी घेतला नाही. बाबांना केला, नाही घेतला. मला केला, नाही. काकांचं गणित पक्कं झालं: दादा स्कूटरवरून पडला, आणि जबलपुरात जमत नाही म्हणून नागपूरला आणायचं चाललं आहे. त्यांनी मझौलीला मावशीला कळवलं, की तू जवळ आहेस, तू पुढे हो. आणि स्वतः गाडी काढून, काकूला घेऊन निघाले. सोबत शेजारचे खोब्रागडे साहेब. कारण खोब्रागडे साहेबांचा रक्तगट ओ निगेटिव्ह.

मावशी पोचली तर घराला कुलूप. मिश्रा आंटींनी सांगितलं, "सब लोग सबेरे से निकले हैं, बड़ी जल्दी में थे." झालं! मावशी पायरीवर बसून मोठ्यानं रडायला लागली. ती मझौलीच्या शाळेत हेडमास्तरीण आहे, आवाज कमावलेला आहे. सगळी गल्ली गोळा झाली. दुपार अशीच गेली. काकांनी तिलवाऱ्याच्या पुलावर गाडी हळू करून दादासाठी नर्मदेला नारळ बोलला. ते गल्लीत शिरले आणि त्याच वेळी कोपऱ्यावर टेम्पोतून बाबा उतरले. एका हातात प्रसादाचा द्रोण, दुसऱ्या हातात आंब्यांची पिशवी. भाऊ जिवंत आहे, धडधाकट आहे, वर आंबे घेऊन आला आहे, हे पाहून काका इतके भडकले की पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं, "दादा, तू पडला कसा नाहीस?"

मी संध्याकाळी घरी आले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. एवढ्या चपला दाराशी कधी असतात ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. मी फाटकातच थांबले. मग आतून काकूचं हसणं ऐकू आलं आणि मागोमाग फोडणीचा वास. आई सगळ्यांसाठी गक्कड-भरता करत होती, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत. खोब्रागडे साहेब पाहुण्यांच्या खुर्चीत, रक्त न देताच, दमून बसले होते.

जेवताना माझा प्रश्न निघाला. आले आहोत तर सोडवूनच जाऊ, अशा थाटात सगळे बसले. काकांनी नागपूरचं एक खाजगी हॉस्पिटल सुचवलं. चकचकीत, पांढऱ्या चादरी, गर्दी नावाला नाही. "अॅक्सिडेंटवाले तिथं घेतच नाही बाप्पा, एकदम शांत." काकूला दुसरं एक आवडलं होतं, कारण तिथल्या कॅन्टीनमध्ये चहा बशीसकट देतात आणि गाडी लावायला झाडाची सावली आहे. ही माणसं मला आजारी पडायला कुठे बरं ते सांगत होती.

मग मावशी बोलली. तिचा जावई कोईम्बतूरला पंपाच्या कंपनीत आहे. त्याचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला होता.

"कोईम्बतूरच्या त्या दवाखान्याचं तर नावच नको घेऊस, अनू," मावशी मला म्हणाली. "अशी गर्दी, अशी गर्दी! एकाचा हात लटकून राहिला, दुसऱ्याचा पाय. एक गाडी रिकामी होत नाही तर दुसरी उभी. अन् ऑपरेशन कोणी केलं माहीत आहे? शिकाऊ पोरीनं! कमरेखालचंच बधिर केलं होतं, जावई जागा होता, सगळं पाहून-ऐकून राहिला होता. मोठा डॉक्टर होता ना तिथं! पण त्यानं हातमोजेसुद्धा घातले नव्हते. हात मागे बांधून उभा, जसा काही बगीच्यात फिरायला आला! पोरगी ठोकून राहिली रॉड, अन् हा नुसता पाहून राहिला."

काकू "अगं बाई" म्हणाली. काका चुकचुकले. मी हातातला घास खाली ठेवला.

बाबा आतापर्यंत गप्प जेवत होते. त्यांनी विचारलं, "अन् पाय?"

"पाय ठीक आहे. फुटबॉल खेळून राहिला. पण प्रश्न पायाचा नाही ना जीजाजी, प्रश्न पद्धतीचा आहे!"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला. "फॅक्टरीत आमच्या शॉपमध्ये रहीम उस्ताद होते," ते म्हणाले. "मला लेथवर उभं केलं की बाजूला हात मागे बांधून उभे राहायचे. मी एकदा विचारलं, काहून उस्ताद, असे काहून उभे राहता? म्हणे, बेटा, हाथ आगे रहेंगे तो छीन लेंगे."

काका म्हणाले, "ते लोखंड होतं दादा. पोरगी काय लोकांच्या पायावर शिकेल?"

"कोणाच्या तरी पायावरच शिकतात ना," बाबा म्हणाले. "बाजूला उस्ताद पाहिजे." आणि उठून हात धुवायला गेले.

मला तेव्हा बाबांच्या तोंडाकडे बघवलं नाही. त्या एका जेवणात मला माझं हॉस्पिटल सापडलं होतं, आणि बाबांना ते सापडल्याचं माझ्या आधी कळलं होतं. लॅबच्या टाइल्स अजून नव्या होत्या, एकीवरही डाग नव्हता. ते नाही म्हणाले असते तर मी राहिलेही असते, इतकी काही मी शूर नव्हते.

सकाळी उठून समोरच्या खोलीत डोकावले. मधोमध बाबांची स्कूटर उभी होती, सिंकला टेकून. चाकाखाली, नव्या फरशीवर, गोणपाट.

"हे काय बाबा?"

"बाहेर भिजून राहिली होती," ते म्हणाले. उन्हाळ्याचे दिवस होते. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

मी कोईम्बतूर पहिल्या नंबरवर भरलं, आणि मिळालं. मावशी महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. मी तिची तक्रार ऐकून मुद्दाम तिथेच गेले, हा तिला अपमान वाटला. तरी स्टेशनवर रुमाल हलवायला आलीच.

कोईम्बतूर गिरण्यांचं, पंपांचं, लहान लहान वर्कशॉपांचं गाव. पहिल्या महिन्यात मला दोनच वाक्यं येत होती. "एंगे वलिक्कुदु?" म्हणजे कुठे दुखतं? आणि "साप्टाच्चा?" म्हणजे जेवलात का? माणसाच्या बाबतीत डॉक्टरला यापलीकडे फारसं लागत नाही, हे हळूहळू कळलं. नर्स अक्का मला हिंदीवाली म्हणत. मी म्हणे, मराठी. त्या म्हणत, तेच ते. कॅज्युअल्टीत लेथवरचे कामगार बोटं रुमालात गुंडाळून येत. त्यांच्या नखांत काळं तेल असे आणि अंगाला लोखंडाच्या किसाचा वास. त्या वासानं माझी तारांबळ उडे, कारण बाबा संध्याकाळी फॅक्टरीतून आले की घरभर तोच वास यायचा. आई त्यांना अंगणातच हात धुवायला लावायची, आणि मी तो साबणाचा काळा फेस बघत उभी राहायचे. हजार मैलांवर कुणाचं तरी बोट शिवताना मला रांझीचं अंगण दिसायचं. मग मी त्यांना जरा जास्तच रागवून सांगायचे, की अण्णा, मशिन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही.

आमचे चीफ मितभाषी. पहिल्या वर्षी ते हात धुऊन, हातमोजे घालून माझ्यासमोर उभे राहत आणि मी जरा अडखळले की अवजार त्यांच्या हातात जाई. मला वाटे, मावशीचा जावई खोटं बोलला. "मेदुवा, मेदुवा," ते म्हणत. हळू, हळू. मी हळू करी, तरी ते हात पुढेच असत. मग एके दिवशी मांडीचं हाड मोडलेला एक दूधवाला आला. हाडात रॉड घालायचा होता. मी तयारी करून उभी राहिले, वर पाहिलं तर चीफ दाराशी. हातमोजे नाहीत. आत आले, पेशंटच्या डोक्याकडे उभे राहिले आणि दोन्ही हात मागे बांधले. मला मास्कच्या आत हसू आलं. दूधवाल्याला रॉड बसला. चीफनी एवढंच विचारलं, "साप्टाच्चा?"

त्या दिवशी बाबांना फोन केला. "हात मागे होते," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "अच्छा. चलो. आईशी बोल."

असं माझं इथलं झालं. आता मी इथल्या भाताला सरावले आहे. स्वप्नं हिंदीत पडतात, राग मराठीत येतो आणि पेशंटला दटावते तमिळमध्ये. जबलपूरला गेले की आई म्हणते, तुझं बोलणं बदलून राहिलं. इथे कोणी मराठी माणूस भेटला तर म्हणतो, तुमचं मराठी जरा वेगळं आहे नाही? काय करणार. नर्मदेच्या ग्वारीघाटावर संध्याकाळी दिवे सोडतात, ते व्हिडिओवर आई दाखवते, पण फोन असा धरते की दिव्यांऐवजी तिचा कानच जास्त दिसतो. मी तोही बघते.

फोन करणाऱ्या मुलांना मी म्हणते, हॉस्पिटल कसं आहे ते विचारू नका. तिथे ज्यांच्या माणसाचं ऑपरेशन झालं त्यांना विचारा, काय आवडलं नाही. पुष्कळदा उत्तर जबलपूरचंच निघतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर मोडणारी माणसं कमी नाहीत. मग मी म्हणते, घरी राहा, गक्कड खा, मजा करा. मला तो योग नव्हता.

मध्यंतरी आमच्याकडे एका पेशंटच्या आईनं लेखी तक्रार केली. पेरिय डॉक्टर सुम्मा निन्नुट्टु इरुंदांग. मोठी डॉक्टर नुसती उभी होती, ऑपरेशन एका शिकाऊ मुलीनं केलं. ती मोठी डॉक्टर म्हणजे मी. चीफनी मला बोलावून कागद दाखवला आणि तोंडातल्या तोंडात हसले. मी मावशीला फोन करून सांगितलं. मावशी म्हणाली, "बरोबरच आहे त्या बाईचं!"

गेल्या थंडीत ग्वारीघाटाच्या ओल्या पायरीवर बाबा घसरले. उजवं मनगट मोडलं. या वेळी खरोखरच. काका नागपूरहून निघाले, मावशी मझौलीहून निघाली, मिश्रा आंटींनी खिचडी पोचवली. दाराशी चपलांचा ढीग झाला असणार. फक्त माझ्या चपला त्यात नव्हत्या. हाडांची डॉक्टर असलेल्या मुलीला बातमी प्लास्टर होऊन गेल्यावर कळली, तीही एक्स-रेचा आडवा फोटो घरच्या ग्रुपवर पडला तेव्हा. असं वाटलं की कसली ही विद्या? साऱ्या कोईम्बतूरची मनगटं धरली, आणि ज्यांचं धरायचं त्यांचं धरलं कुण्या दुसऱ्यानं.

मी फोटो मोठा करून पाहिला. हाड बसलं होतं, पण अगदी माझ्या मनासारखं नाही. जरासा बाक राहणार होता. मी लगेच बाबांना फोन लावला. कोणी केलं? कोण होतं तिथे? मी सरांशी बोलते, वर्गमित्राशी बोलते, परत काढून बसवू.

"फोन नको करूस कोणाला," बाबा म्हणाले. "पोरगी नवीन होती. तिचे सर म्हणाले, अंकलजी, आपकी बेटी डॉक्टर है, मैं खुद करता हूं. मी म्हटलं, नहीं सर, इसी को करने दीजिए. आप बाजू में खड़े रहिए."

"बाबा! उजवा हात आहे तो तुमचा!"

"कोणाच्या तरी हातावरच शिकतात ना." मग म्हणाले, "तूही तर शिकली. आता मध्ये नको पडूस. हात मागे ठेव."

मी सगळ्या वॉर्डादेखत रडले. अक्कांनी विचारलं, अप्पांना काय झालं? मी म्हटलं, काही नाही, बरे आहेत.

प्लास्टर निघायच्या वेळी रजा काढून गेले. मनगटावर लहानसा उंचवटा राहिला आहे. शिकणाऱ्याच्या मानानं काम चांगलंच झालं आहे, हे मी डॉक्टर म्हणून लिहिते. मुलगी म्हणून लिहायचं तर मी तो उंचवटा रोज येता-जाता चोरून बघत होते. बाबा त्याच हातानं चहा गाळतात, त्याच हातानं पेपरची घडी घालतात. समोरच्या खोलीत स्कूटर अजून आहे, चालवत कोणी नाही. तिच्या सीटवर आई पापड वाळत घालते. पितळी नळ मात्र बाबा दर दिवाळीला चिंचेनं घासतात.

परत निघाले तेव्हा पोचवायला तेवढी माणसं नव्हती. मिश्रा आंटींचे गुडघे धरले आहेत, मावशीच्या शाळेत परीक्षा होती. आईनं जिलबीचा डबा दिला. फडकं, पिशवी, दोरी. बाबा बॅगेची साखळी ओढून बघून खाली उतरले आणि मागे नळापाशी जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे. मी या वेळी सीटवर बसले नाही, दारात उभी राहिले. गाडी हलली. माझा डबा त्यांच्यासमोरून पुढे गेला आणि मी वाकून मागे पाहिलं. बाबा आईला घेऊन जिन्याकडे वळले होते, त्यामुळे त्यांची पाठ मला पहिल्यांदाच दिसली. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं होतं, उंचवट्याच्या वर, घट्ट. इतक्या लांबून मला बोटांची पेरं पांढरी पडलेली दिसणं शक्य नव्हतं, पण मनगटांवर माझा जन्म चालला आहे. पकड किती आहे ते मला कळतं.

इतकी वर्षं मला वाटायचं, बाबांनी हात हलवला नाही. ते तो धरून ठेवत होते. पुढे आला असता तर त्यानं मला गाडीतून उतरवून घेतलं असतं, आणि मी उतरलेही असते.

तुम्ही तिकडचे मला विचारता, आता घर कोणतं, जबलपूर की कोईम्बतूर? मी इकडेच राहीन, मेदुवा मेदुवा म्हणत पोरापोरींना शिकवीन. पण घर माझं एकच आहे. जिथली माणसं कुणी पडल्याचं नुसतं कानावर आलं की धावत सुटतात, आणि कुणी जायला निघालं की हात मागे बांधून उभी राहतात, ते.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र दारातून दोन्ही हात हलवत राहिले, स्टेशन दिसेनासं झालं तरी.